झेरॉक्स, चित्रपट आणि स्नेहसंमेलन : वर्गातील कॉपीराइटचा व्यवहार

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात कॉपीराइटचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाण्याचे तीस सेकंद, चित्रपटाची तीन मिनिटे आणि पुस्तकाची दहा टक्के पाने वापरली तर चालते ना? हे आकडे कुठून आले हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते, पण ते कायद्यातच आहेत अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात ते १९९६ साली अमेरिकेत शैक्षणिक संस्था, ग्रंथालये आणि हक्कधारक यांच्यातील चर्चेतून निघालेल्या एका मार्गदर्शक मसुद्यातले आहेत. तो मसुदा तिथेही कायदा झाला नाही, आणि भारतात तर त्याला कधीच स्थान नव्हते. तरीही गेल्या काही वर्षांत हे आकडे व्हॉट्सॲपवरून आपल्या शिक्षकखोल्यांत पोहोचले आणि नियम म्हणून स्थिरावले.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातील कलम १०७ मध्ये ‘फेअर यूज’ ही मोकळी संकल्पना आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम या चार निकषांवर तिथले न्यायालय प्रत्येक प्रकरण तोलते. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये तशी मोकळी तरतूद नाही. आपल्याकडे कलम ५२ मध्ये एक लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात बसणारी कृती उल्लंघन ठरत नाही. यादीतला प्रत्येक खंड एखाद्या क्रियापदाभोवती रचलेला आहे : प्रत काढणे, वाचून दाखवणे, प्रयोग करणे, संग्रहात छापणे, साठवून ठेवणे. म्हणून भारतातील शिक्षकाने ‘किती घेऊ?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘मी नेमके काय करतो आहे आणि कोणासमोर?’ हा प्रश्न आधी विचारावा. या लेखातील सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नातून निघतात.

पहिली पायरी : हक्क अजून जिवंत आहे का?

परवानगीच्या खटाटोपात पडण्याआधी तारखा पाहाव्यात, कारण अनेकदा गरजच उरत नाही. साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांतील कृतींवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या दिवसापासून मोजायची नसून पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची असतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती वाढवली गेली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्यासाठी मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे आहे. छायाचित्रांचीही पूर्वी तशीच होती, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या हयातीनंतरची ६० वर्षे धरली जातात.

मराठीच्या शिक्षकाला हे गणित ‘श्यामची आई’वर करून पाहता येईल. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यामुळे मूळ पुस्तकावरील हक्क ३१ डिसेंबर २०१० रोजी संपला, आणि आज शाळेने ते छापून वाटले तरी कोणाची हरकत असू शकत नाही. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा असल्याने त्यावरील हक्क २०१३ च्या अखेरीस संपला. त्या चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई मात्र १९७५ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या स्वररचनांवरचा हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत उभा आहे. त्याच कथेवर २०२३ मध्ये आलेला नवा चित्रपट तर २०८३ पर्यंत संरक्षित राहील. एकाच नावाखाली किती वेगवेगळ्या मालमत्ता असतात, हे यावरून ध्यानात यावे. याच न्यायाने जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतील चित्रे, प्रस्तावना, टिपा किंवा इंग्रजी अनुवाद यांच्यावर त्या त्या व्यक्तीचा स्वतंत्र हक्क असतो. मजकूर मुक्त आहे म्हणून मुखपृष्ठही मुक्त आहे, असे होत नाही.

एक अपवाद मराठीच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. कृती कर्त्याच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झाली असेल, तर ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये आला, म्हणून ती मुदत २०११ ऐवजी २०१२ च्या अखेरीस पुरी झाली. इथे फरक एका वर्षाचा पडला. एखाद्या लेखकाची वही मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी उजेडात आली, तर फरक चाळीस वर्षांचा पडेल.

केशवसुत, बालकवी, गडकरी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले, टिळक, आगरकर हे सगळे निःशंक मुक्त आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील हक्क २०१६ च्या अखेरीस संपला. कुसुमाग्रजांची कविता मात्र २०५९ च्या अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांड्यांचे लेखन २०६० च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यामुळे पुढच्या पायऱ्या प्रामुख्याने अशा लेखकांसाठी आहेत.

दुसरी पायरी : प्रत काढणे

शिक्षकाच्या रोजच्या कामाला सर्वांत जवळचा खंड म्हणजे कलम ५२(१)(आय). शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढणे, परीक्षेच्या प्रश्नांचा भाग म्हणून ती देणे आणि उत्तरांत ती उतरवणे, या तिन्ही गोष्टी उल्लंघनातून वगळलेल्या आहेत. इथे पानांची संख्या दिलेली नाही, टक्केवारी दिलेली नाही, आणि कृती साहित्यिकच हवी असेही म्हटलेले नाही. नकाशा, चित्र, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा गाण्याचे स्वरलेखन या सगळ्यांना तो खंड लागू होतो. फळ्यावर संपूर्ण कविता लिहिणारी शिक्षिका, ती वहीत उतरवून घेणारा विद्यार्थी आणि चाचणी परीक्षेत अपठित उताऱ्यासाठी ललित लेखातील दोन परिच्छेद देणारा परीक्षक, हे सगळे या खंडाच्या छत्राखाली येतात.

‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ किती रुंद घ्यायचा, यावर देशातला सर्वांत महत्त्वाचा वाद दिल्लीत झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या झेरॉक्सच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमात नेमलेल्या वाचनाचे वेगवेगळ्या पुस्तकांतील भाग एकत्र करून दुकानदार त्यांचे संच विकत असे, ही तक्रार होती. दृश्य आपल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचे आहे : प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली मूळ प्रत, तिच्यावर मार्करने लिहिलेले ‘एसवाय अर्थशास्त्र, पेपर ३’, आणि ‘स्पायरल करू का साधंच?’ असे न बघता विचारणारा दुकानदार.

एकल न्यायमूर्तींनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला, आणि ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने कायद्याच्या मुख्य प्रश्नावर विद्यापीठाचीच बाजू धरली. अध्यापन म्हणजे तासाची पंचेचाळीस मिनिटे एवढेच नव्हे, तर अभ्यासक्रम आखण्यापासून वाचन नेमण्यापर्यंत आणि परीक्षेपर्यंतची सगळी प्रक्रिया त्यात येते, असे न्यायालयाने मानले. ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’ हे शब्द एकवचनी असले तरी अनेकांना लागू होतात, आणि प्रत यंत्राने काढली की हाताने, किंवा मधे दुकानदार आला की नाही, याने मूळ हक्क बदलत नाही. टक्केवारीचा निकष न्यायालयाने स्वीकारला नाही. त्या अध्यापनासाठी तेवढा भाग आवश्यक होता का, ही कसोटी त्याने दिली. नेमके हेच तपासण्यासाठी, आणि संपूर्ण पुस्तकांच्या प्रती काढण्याचा मुद्दा पाहण्यासाठी, प्रकरण पुन्हा खाली पाठवले गेले. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धची एका संस्थेची याचिकाही ऐकण्यास नकार दिला.

हा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, मात्र त्याचे वजन दुर्लक्षिता येण्यासारखेही नाही. व्यवहारात मी शिक्षकांना असे सांगतो की अभ्यासक्रमात प्रकरणाचे नाव आधी लेखी नेमा आणि मगच त्याची प्रत द्या. विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘तिसऱ्या घटकासाठी अमुक ग्रंथातील चौथे प्रकरण’ एवढी एक ओळ असली, तर आवश्यकतेचा प्रश्न बराचसा सुटतो. उलट, बाजारात सहज मिळणारे दोनशे रुपयांचे क्रमिक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छापून वर्गाला वाटणे, हे त्या निकालाच्या आधारावर मी कोणाला करू देणार नाही. असा खर्च वाचवण्यासाठी ग्रंथालयात त्या पुस्तकाच्या दहा प्रती घेणे हा जुनाच, पण चांगला उपाय आहे.

खासगी शिकवणीवर्गांचा प्रश्न इथे हमखास येतो. खंड (आय) मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एवढेच शब्द आहेत, संस्था ना-नफा असावी अशी अट नाही. तरीही दुसऱ्याच्या पुस्तकातील उतारे आपल्या वर्गाच्या नावाने बांधून, मुखपृष्ठावर संचालकांचा फोटो छापून, शुल्कात त्याची किंमत धरून देणे, ही कृती अध्यापनातून निघून प्रकाशनाकडे सरकते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांबाबतही हीच सावधगिरी हवी. पीडीएफ विनामूल्य उतरवता येते म्हणून त्यावरचा हक्क संपलेला नसतो.

तिसरी पायरी : दाखवणे, ऐकवणे, सादर करणे

वर्गात चित्रपट दाखवताना आपण प्रत काढत नाही, म्हणून खंड बदलतो आणि कलम ५२(१)(जे) लागू होते. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांच्या ओघात तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी साहित्यिक, नाट्य किंवा संगीतकृती सादर करणे, तसेच चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवणे व ऐकवणे, हे या खंडाखाली चालते. मात्र प्रेक्षक मर्यादित हवेत : कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे आईवडील वा पालक, आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती. किती मिनिटे दाखवायचे यावर बंधन नाही. त्यामुळे इतिहासाच्या तासाला तीन तासांचा चित्रपट तीन दिवस दाखवला, तरी तो तेवढ्याने बेकायदा होत नाही. मुख्याध्यापकांना त्याबद्दल काय वाटेल, तो भाग निराळा.

परिपाठात गाणे वाजवणे, मराठी भाषा गौरव दिनी मुलांनी कविता म्हणणे आणि पालकांसमोर स्नेहसंमेलनात नाटुकले करणे, हे सर्व याच खंडात बसते. कर्नाटकातील एका प्रकरणाचा दाखला इथे उपयोगी आहे. शिवराम कारंत यांनी घडवलेल्या यक्षगानाच्या सादरीकरणावरून मणिपालच्या एका शैक्षणिक संस्थेविरुद्ध त्यांच्या वारसदारांनी मनाई मिळवली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली, पण कलम ५२ च्या अपवादांत बसणारे सादरीकरण संस्थेला करता येईल, हे स्पष्ट केले.

खंडाची मर्यादा कुठे ओलांडली जाते, हे माझ्या परिचयातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहायला मिळाले. चौथीच्या मुलींनी नव्या चित्रपटातील गाण्यावर नाच बसवला होता. मैदानावर खुर्च्या होत्या, समोर पालक होते, आणि इथपर्यंत काहीच बिघडले नव्हते. दुसऱ्या दिवशी संगणकशिक्षकांनी उत्साहाने संपूर्ण चित्रफीत शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर चढवली. संध्याकाळपर्यंत कॉपीराइट क्लेमची सूचना आली, आणि तो आवाज दाबला गेल्यामुळे त्या मुली आजही मुक्याने नाचताना दिसतात. शाळेला वाटले की आपण आधीही निर्दोष होतो आणि नंतरही. पण क्रियापद बदलले होते. मर्यादित प्रेक्षकांसमोरचे सादरीकरण हे जगभरच्या लोकांपर्यंतचे प्रसारण झाले, आणि त्याला खंड (जे) आधार देत नाही. शिवाय संकेतस्थळाची यंत्रणा गाणे ओळखते ती यंत्राने. तिला आपले कलम ५२ वाचून दाखवण्याची सोय हरकत नोंदवल्यावरच मिळते. चित्रफीत पालकांपर्यंत पोहोचवायची असेल, तर फक्त पालकांना उघडेल असा मार्ग निवडावा, किंवा इंटरनेटवरच्या प्रतीसाठी मुक्त परवान्याचे संगीत जोडावे.

याच कारणाने तिकीट लावलेला, गावभर फलक लावून खुला केलेला किंवा प्रायोजकाच्या पैशावर बाहेरच्या लोकांसाठी ठेवलेला कार्यक्रम खंड (जे) च्या बाहेर जातो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेतील प्रयोग हा महाविद्यालयाच्या आवारातला नसतो आणि प्रेक्षकही सर्वसामान्य असतात, म्हणून तिथे लेखकाची लेखी परवानगी घ्यावीच लागते. नाट्यवर्तुळात ही शिस्त चांगली रुळलेली आहे. शाळांच्या पातळीवर ती अजून रुळायची आहे. माजी विद्यार्थी ‘संस्थेच्या कार्याशी संबंधित’ धरावेत की नाही, यावर वाद होऊ शकतो. माजी विद्यार्थी संघ कार्यक्रमाच्या आयोजनातच असेल, तर माझ्या मते ते बसतात.

सार्वजनिक अभिवाचनासाठी वेगळा, छोटा खंड (जी) आहे. प्रसिद्ध साहित्यकृतीतील वाजवी लांबीचा उतारा जाहीरपणे वाचता किंवा म्हणून दाखवता येतो. मात्र पूर्ण दीर्घकथेचे दोन तासांचे अभिवाचन ‘वाजवी उतारा’ म्हणता येणार नाही.

ओटीटीवरचा चित्रपट वर्गात दाखवताना आणखी एक थर मधे येतो. आपण नोंदणी करताना ज्या अटींवर टिचकी मारतो, त्यांत बहुतेक वेळा ‘वैयक्तिक आणि घरगुती वापर’ असे लिहिलेले असते. कॉपीराइट कायद्याने परवानगी दिली, तरी हा करार मोडल्याबद्दल कंपनी खाते बंद करू शकते. नेटफ्लिक्सने आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी दिलेली आहे, ती त्या माहितीपटाच्या पानावर नोंदलेली असते. त्याखेरीज डीव्हीडी विकत घेणे किंवा निर्मात्याने स्वतः अधिकृत वाहिनीवर ठेवलेली प्रत थेट तिथूनच चालवणे, हा सरळ मार्ग आहे. टेलिग्रामवरून उतरवलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दाखवू नये. शिक्षक मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात चोरीच्या संकेतस्थळाचे नाव झळकत असते, हे फार केविलवाणे दिसते.

चौथी पायरी : छापणे आणि बांधणे

शाळेने स्वतःचा निवडक उताऱ्यांचा संग्रह काढायचा ठरवला, तर खंड (एच) पाहावा लागतो, आणि तो बराच कडक आहे. संग्रहातील बहुतांश मजकूर हक्कमुक्त असावा लागतो; संग्रह अध्यापनासाठी आहे हे शीर्षकात आणि जाहिरातीत लिहावे लागते; संरक्षित कृतींतून घेतलेले उतारे छोटे असावे लागतात, आणि त्या कृती मुळात अध्यापनासाठी प्रसिद्ध झालेल्या नसाव्या लागतात. शिवाय एका प्रकाशकाला पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे घेता येत नाहीत. म्हणजे केशवसुत, बालकवी आणि बहिणाबाई यांच्या भरवशाच्या पायावर कुसुमाग्रजांच्या एखाद-दोन छोट्या उताऱ्यांची भर घालता येईल, पण फक्त समकालीन कवींचा संग्रह या वाटेने निघणार नाही.

वार्षिकांक, स्मरणिका आणि संस्थेचे संकेतस्थळ यांना अध्यापनाचा खंड लागू होत नाही, असेच धरून चालावे. तिथे दुसऱ्याची कविता, व्यंगचित्र किंवा छायाचित्र छापायचे असेल, तर परवानगी हवी. छायाचित्राखाली ‘सौजन्य : गूगल’ असे लिहिण्याची पद्धत तर आता थांबलीच पाहिजे. गूगल हे छायाचित्र शोधून देते, काढत नाही. विद्यार्थ्याने काढलेले चित्र किंवा लिहिलेली कविता हीसुद्धा त्याची स्वतःची मालमत्ता असते, म्हणून ती अंकात घेताना त्याला आणि त्याच्या पालकांना विचारावे. हे विचारणे मुलांना आपल्या लेखणीची किंमत कळण्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडते.

पाचवी पायरी : ऑनलाइन वर्ग आणि साठवण

कायद्यातील अध्यापनाचा खंड ऑनलाइन वर्गाला वेगळे नाव देत नाही. दिल्लीच्या निकालातील अध्यापनाचा रुंद अर्थ धरला, तर प्रवेशशब्द असलेल्या गूगल क्लासरूममध्ये नेमलेले प्रकरण त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवणे हे त्या अर्थाशी सुसंगत आहे. तिथे तीन गोष्टी पाळाव्यात. प्रवेश त्या तुकडीपुरता असावा, सत्र संपल्यावर फाइल काढून टाकावी, आणि दुवा देता येत असेल तिथे प्रत चढवण्याऐवजी दुवाच द्यावा. पाचशे जणांच्या, कोणी आणले ते माहीत नसलेल्या व्हॉट्सॲप गटात अख्ख्या कादंबरीची पीडीएफ टाकणे हे अध्यापन नव्हे, मग तो गट ‘मराठी शिक्षक मंच’ या नावाचा असला तरी.

विद्यार्थी किंवा संशोधक स्वतःसाठी प्रत काढतो, तेव्हा त्याला खंड (ए) मधील ‘फेअर डीलिंग’ लागू होते. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात संशोधनासह खासगी वा वैयक्तिक वापर, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन हे हेतू ठेवले आहेत. संगणक प्रणाली मात्र यातून वगळलेली आहे, म्हणून सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत प्रयोगशाळेत भरणे हे कोणत्याच अर्थाने शैक्षणिक सवलतीत येत नाही.

ग्रंथपालांसाठी दोन खंड महत्त्वाचे आहेत. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिचे डिजिटल रूप साठवता येते. आणि भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. वाळवीने खाल्लेल्या जुन्या अंकांसाठी या दोन ओळी जीवनदान ठरतात, पण आमच्याच पेशातील कित्येकांना त्या ठाऊक नसतात.

दृष्टिबाधित किंवा अन्य अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यासाठी कायदा सर्वांत उदार आहे. खंड (झेडबी) नुसार शैक्षणिक उपयोगासाठी कोणीही संपूर्ण पुस्तक ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित स्वरूपात किंवा मोठ्या अक्षरांत करून देऊ शकते, आणि त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ना-नफा संस्थांनाही अशा प्रती विना-लाभ तत्त्वावर पुरवता येतात. दृष्टिबाधितांना वाचता येतील अशा स्वरूपात पुस्तके मिळावीत यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार जून २०१४ मध्ये मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश होता. वर्गातल्या एका मुलीसाठी मैत्रिणींनी आळीपाळीने फोनवर प्रकरणे वाचून ध्वनिमुद्रित केली, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. फक्त ती प्रत सर्वांसाठी खुली करू नये.

सहावी पायरी : परवानगी मागणे

यादीत कृती बसत नसेल, तर पत्र लिहावे. मराठी प्रकाशनविश्वात हे अनेकांना वाटते तेवढे अवघड नाही. पुस्तकाच्या शीर्षकपानामागचे पान उघडावे. तिथे ‘सर्व हक्क’ या शब्दांपुढे अनेकदा लेखकाऐवजी त्याच्या पत्नीचे, मुलीचे किंवा एखाद्या न्यासाचे नाव असते, आणि पत्र त्या व्यक्तीच्या नावे प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवता येते. परवाना लेखी असावा लागतो, म्हणून फोनवरचे ‘खुशाल छापा’ पुरेसे धरू नये. तेच ईमेलवर मागून घ्यावे. पत्र असे लिहिता येईल :

‘आपल्या हक्कातील अमुक संग्रहातील “अमुक” ही कविता आमच्या महाविद्यालयाच्या चालू वर्षाच्या वार्षिकांकात, कोणताही बदल न करता, कवीच्या आणि प्रकाशकाच्या नावासह छापण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. अंकाच्या ८०० प्रती निघणार असून त्या विनामूल्य वाटल्या जातील. अंकाची पीडीएफ महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवण्याचाही मानस आहे. त्यासाठी मानधन असल्यास कृपया कळवावे.’

यातील पीडीएफचे वाक्य अनेकजण लिहायचे विसरतात, आणि छापील अंकासाठी मिळालेली परवानगी मग संकेतस्थळासाठीही ताणतात. ‘कोणताही बदल न करता’ हे शब्दही सहज घातलेले नाहीत. कलम ५७ नुसार कर्त्याला आपले नाव लागण्याचा आणि कृतीची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड न होण्याचा हक्क असतो, आणि आर्थिक हक्क विकल्यानंतरही तो त्याच्याकडे राहतो. कडवे गाळायचे असेल, तर तसे पत्रातच लिहावे. उत्तर आले नाही म्हणजे संमती मिळाली, असे समजू नये. दुसरी कविता निवडावी.

परवानगीच्या वाटेला न जाता काम भागत असेल, तर मुक्त परवान्याचे साहित्य शोधावे. मराठी विकिपीडियावरील मजकूर आणि विकिमीडिया कॉमन्सवरील चित्रे श्रेयनामासह वापरता येतात. दीक्षा या शासकीय मंचावरील बराच आशय क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. संशोधनपर लेखांसाठी केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालाला विचारावे.

परदेशातील मराठी शाळांसाठी

उत्तर अमेरिकेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या, बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांतील शिक्षकांना भारताचे कलम ५२ लागू होत नाही. तिथे तिथलाच कायदा चालतो. समोरासमोरच्या वर्गात ना-नफा शैक्षणिक संस्थेने कायदेशीर प्रतीवरून चित्रपट दाखवणे हे त्यांच्या कलम ११०(१) खाली बसते. ऑनलाइन वर्गांसाठीची २००२ ची तरतूद मात्र अधिस्वीकृती असलेल्या संस्थांपुरती आहे, आणि आठवडी मराठी शाळांना ती बहुधा नसते, म्हणून त्यांना चार निकषांच्या फेअर यूजवरच विसंबावे लागते. मुदतीचा हिशोबही तिथे वेगळा आहे. भारतात २०११ पासून मुक्त असलेले ‘श्यामची आई’ हे १९३५ चे पुस्तक अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०३० च्या अखेरपर्यंत, संरक्षित धरले जाते. पुण्यात बिनदिक्कत छापलेली पुस्तिका न्यू जर्सीत छापताना थांबावे लागेल, ते यामुळे.

हरकत आलीच तर

हक्कधारकाची नोटीस आली की आधी तो मजकूर सार्वजनिक ठिकाणाहून उतरवावा, मग शांतपणे कागद काढावेत : अभ्यासक्रमातील नोंद, प्रत कुठून घेतली त्याची पावती, प्रेक्षक कोण होते याची नोंद आणि असल्यास परवानगीचे पत्र. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे. व्यापारी लाभ नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. म्हणूनच उत्तर एकट्या शिक्षकाने घाईने लिहून पाठवू नये. संस्थेच्या वतीने, वकिलाला दाखवून, आणि आपली कृती कोणत्या खंडात बसते त्याचा नावाने उल्लेख करून पाठवावे. ‘आम्ही शैक्षणिक हेतूने केले’ या वाक्याने कोणताही खंड सुरू होत नाही.